खड्ड्यातली शाळा आणि गोदूमावशी

गोदूमावशीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती घोटाभर पाण्यात उभी राहून शाळेची घंटा वाजवत होती. लुगडं वर खोचलेलं, एका हातात घंटेची हातोडी आणि दुसऱ्या हातात पहिलीतल्या कुणाचं तरी भिजलेलं दप्तर. वर्गात पोरं बाकांवर पाय वर घेऊन बसली होती. मी भिवंडी शहरातून त्या शाळेत नवीनच मराठी शिकवायला गेले होते. मी तिला विचारलं, इथे पाणी नेहमीच भरतं का. ती म्हणाली, "पयले न्हाय भरायचं. पयले आमची शाला उंचावर होती."

तिच्या बोलण्याचा अर्थ मला पुढे कळला. शाळा जागची हलली नव्हती, आजूबाजूची जमीन वर चढली होती. वळ गावाच्या पुढचं हे लहानसं आगरी गाव. एके काळी सगळी भातखाचरं आणि खाडीकडे उतरणारी खाजणं. मग गोडाऊनं आली. एकेकाने जमीन दिली, डंपर लागले, भराव पडला. शाळेच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीच्या भरावावर पत्र्याची गोडाऊनं उभी राहिली आणि शाळा मधे, टोपाच्या बुडाला राहिलेल्या खरवडीसारखी. पाऊस कुठेही पडो, पाणी आमच्याकडे यायचं.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याकडे पैसा आला, बंगले आले. त्यांची नातवंडं ठाण्याच्या इंग्रजी शाळांत जाऊ लागली. गावाच्या संस्थेने काढलेल्या ह्या मराठी शाळेत उरली ती गावातल्या बिनजमिनीवाल्यांची, लोडिंगवाल्यांची, वॉचमनची आणि कापडाच्या लूमवर शिफ्ट करणाऱ्यांची पोरं. पहिली ते सातवी, सात खोल्या, शिक्षक आम्ही चार, आणि शिपाई म्हणून एकटी गोदूमावशी.

ती ह्याच गावची लेक. लग्न होऊन खाडीपलीकडे गेली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली, आणि ही ट्रंक घेऊन परत आली. भावाने जमीन विकली तेव्हा घरामागची एक खोली तिच्या नावावर ठेवली, तेवढंच. केसरीनाथशेठ तेव्हाही संस्थेचे अध्यक्ष होते, त्यांनी तिला शाळेत लावून घेतलं. ती झाडलोट करायची, घंटा द्यायची, पाणी भरायची. पण पोरींच्या वेण्या घालणं, कुणाच्या डोक्यात उवा झाल्या तर मधल्या सुट्टीत फणी घेऊन बसणं, कुणाची आई कामावरून आली नसेल तर त्या पोराला संध्याकाळपर्यंत आपल्या खोलीत बसवून ठेवणं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही शिक्षक बदलत राहायचो. पोरांना शाळा म्हणजे गोदूमावशी ठाऊक होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. भिंतींवर कमरेपर्यंत ओल चढलेली त्यांनी पाहिली, एका वर्गातली फरशी पायाखाली खचलेली पाहिली. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच सांगितलं की जूनच्या आत शाळेची जागा भरून वर घ्या, नाहीतर पावसाळ्यात ह्या इमारतीत एकही मूल बसवता येणार नाही. मुलांची सोय हायवेपलीकडच्या शाळेत करावी लागेल.

हायवेपलीकडे म्हणजे काय, हे त्या रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांनाच कळतं. तिथे कंटेनर आणि ट्रेलर दिवसरात्र धावतात. गावातली मोठी माणसंसुद्धा तो रस्ता एकमेकांचा हात धरून ओलांडतात. बातमी कळल्यावर दुसऱ्याच दिवशी काही आयांनी सांगून टाकलं की पोरीला हायवे ओलांडून पाठवण्यापेक्षा घरी बसवू.

संस्थेची बैठक झाली. केसरीनाथशेठ म्हणाले, सगळा भार संस्थेवर टाकू नका. अर्धे पैसे पालकांनी उभे करावेत, अर्ध्याचं मी बघतो. मुख्याध्यापक रामनाथ सर मान हलवत राहिले. ज्यांच्या घरी चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्यांनी अर्धे कुठून उभे करायचे हे कुणी विचारलं नाही.

तरी आम्ही लागलो. आयांनी लूमच्या कारखान्यांतून चिंध्या आणून गोधड्या शिवल्या. त्या विकत घेणारी माणसंही शेवटी आयांच्याच चाळींतली, तीही उधारीवर. प्रजासत्ताक दिनाला पोरांनी भाजीबाजार भरवला, तो हौसेचा झाला, पण त्यातून खडीची एक गाडीही येईना. आमचे तरुण भावेश सर गोडाऊनच्या गेटांवर अर्ज घेऊन फिरले. सगळीकडे एकच उत्तर, मुंबईच्या ऑफिसला विचारून सांगतो. फेब्रुवारी गेला. गोदूमावशी रोज सकाळी झाडू मारताना शाळेमागच्या भरावाकडे मान वर करून बघायची.

मार्चच्या सुरुवातीला तिनेच ती कल्पना काढली. शाळेच्या पटांगणात खाद्यजत्रा भरवायची. आयांनी आपापल्या घरचं करून आणायचं, तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, बोंबील, घावण, बिहारकडच्या आयांनी लिट्टी. आणि जत्रेची कूपनं आधीच विकायची, म्हणजे पैसा हातात येईल. ही कूपनं कोण विकणार, असं रामनाथ सरांनी विचारलं. गोदूमावशी म्हणाली, "पोरां इकतील. मोठ्या मानसाला लोक न्हाय बोलतात, पोराच्या हाताला कुनी न्हाय बोलत न्हाय."

सगळ्यांना ते पटलं. प्रत्येक मुलाला कूपनांचं एक पुस्तक दिलं. भावेश सरांनी हुरूप यावा म्हणून दारातल्या फळ्यावर वर्गवार नावं लिहिली. ज्याचं पुस्तक संपलं त्याच्या नावापुढे तारा. आठवडाभरात फळा ताऱ्यांनी भरत आला. गावातल्या पोरांना काका-मामा होते, आत्या होत्या, एकाच घरात पुस्तक संपायचं. बऱ्याच दिवसांनी मावशीच्या चेहऱ्यावर उजेड दिसला.

सातवीतली रीमा मात्र गावची नव्हती. तिचे वडील पंढरी मूळचे दिघाशी गावचे, गोडाऊनमध्ये लोडिंगला होते. आई रुचिका तिथेच पॅकिंगला. भाड्याच्या एका खोलीत तिघं राहायची. चाळीतले शेजारी यूपी-बिहारचे, त्यांचीही पोरं आमच्याच शाळेत, त्यांच्याकडेही हीच पुस्तकं. रीमाने कुणाला विकायची? ती हुशार होती, कधी बोलायची नाही. फळ्यासमोरून जाताना मान खाली घालायची. हे मी पाहिलं होतं, पण परीक्षा जवळ आल्याने असेल, असं मला वाटलं.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी पेपर काढत बसले होते. ऊन टळटळीत चढलं होतं. रुचिका धावत शाळेत आली. पायात चप्पल नव्हती. रीमा घरी आली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत आई घरी आली तर दाराला कुलूप तसंच होतं आणि शेजारणीकडे दिलेली चावीही तशीच. गोदूमावशी वर्ग झाडत होती. तिने झाडू टाकला आणि एकदम विचारलं, कूपनं दप्तरात होती का. रुचिकाला ठाऊक नव्हतं. बरोबरच्या पोरींना विचारलं तेव्हा एक म्हणाली, रीमा बोलत होती की कशेळीच्या पुलाजवळ खूप गाड्या थांबतात, तिथे पुष्कळ माणसं असतात.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला नाही की ती रडली नाही. ती सरळ रस्त्याला लागली. मी आणि रुचिका तिच्या मागे. शेअर रिक्षा मिळाली, पण ती कशेळीच्या अलीकडेच अडकली, पुढे नजर जाईल तिथवर ट्रक. आम्ही उतरलो आणि गाड्यांमधून चालू लागलो. डिझेलचा धूर, तापलेले पत्रे, इंजिनांची घरघर. मावशी प्रत्येक केबिनजवळ जाऊन चवड्यांवर उभी राहायची आणि हाक मारायची, "भय्या, इस्कूल की ड्रेसवाली लडकी देखी क्या? हाथ में कागज का पुस्तक?" बहुतेक जण मान हलवायचे. एकाने सांगितलं, हो, दिसली होती, कसलं तरी कूपन विकत होती, आम्ही म्हटलं हम तो गुजरात जा रहे हैं, मेला में कैसे आएंगे. तरी दहा रुपये दिले, तर तिने घेतले नाहीत. कूपन घेतलं तरच पैसे घेईन म्हणाली.

हे ऐकून रुचिका तिथेच, दोन ट्रकांच्या मधे, खाली बसली. मावशी तिला उठवायला वाकली. रुचिकाने तिचा हात झटकला.

पुलाजवळ पाण्याच्या बाटल्या विकणारा एक माणूस भेटला. त्याला मावशीने विचारलं, तेव्हा त्याने बाटल्यांची बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "एक बच्ची को लगी थी. टेम्पो पीछे ले रहा था, उसको दिखी नहीं. वही उठाके ठाना ले गया, सरकारी दवाखाने में. जिंदा थी, अम्मा. रो रही थी."

मावशीने त्याचे दोन्ही हात धरले आणि पुन्हा विचारलं, रडत होती ना, तू स्वतः ऐकलंस ना. तो हो म्हणाला. ठाण्याला पोचेपर्यंत ती मला तेवढंच बोलून दाखवत होती, रडत होती म्हणजे जिवंत आहे.

रीमा जिवंत होती. टेम्पोचं चाक तिच्या डाव्या पावलावरून गेलं होतं. तो टेम्पोवाला पोरगेला माणूस तिथेच बाकावर बसून होता, पळाला नव्हता. पोलीस त्याचा जबाब घेत होते. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर रीमाने आईकडे बघितलं, मग मावशीकडे. म्हणाली, "मावशी, एकपन गेलं न्हाय." पंढरी तोवर कामावरून येऊन पोचले होते. ते कुणावर ओरडले नाहीत. पोरीच्या उशाशी भिंतीला डोकं लावून उभे राहिले आणि आमच्यापैकी कुणाकडेही बघितलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मावशी पहाटेच शाळेत गेली आणि ओल्या फडक्याने तो फळा पुसून काढला, नावं, तारे, सगळं. मग आमच्या एकेकाच्या घरी माणूस पाठवून सांगितलं की पोरांकडची पुस्तकं परत घ्या.

जत्रा झाली नाही. पण विकलेल्या कूपनांचे आणि आधीच्या गोधड्यांचे पैसे संस्थेकडे जमा होते. रीमाच्या पायावर एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी करायची होती. दवाखाना सरकारी असला तरी पायात घालायच्या सळ्या, बाहेरून आणायची औषधं, रोजचं जाणंयेणं, आणि त्यात पंढरीची बुडालेली रोजी. मावशीने बैठकीत मागणी केली की जमलेलं सगळं त्या पोरीच्या पायाला द्यायचं. आजवर शिपाई बैठकीत चहा देत असे, बोलत नसे.

संस्थेचे एक सभासद म्हणाले, लोकांनी पैसा शाळेसाठी दिलाय, तो दुसरीकडे कसा वळवणार. दुसरे म्हणाले, पोरगी आपल्या मनाने हायवेला गेली, शाळेने पाठवली नव्हती. मावशीचा आवाज तिथे पहिल्यांदा फुटला. "मी पाठवली," ती म्हणाली. "पोराच्या हाताला कुनी न्हाय बोलत न्हाय, ह्या मी बोललेली. शाला पोरांसाठी हाय का पोरां शालेसाठी हायत?"

पालकांना विचारलं. गोधड्या शिवलेल्या आया एकेक करून उठल्या आणि हो म्हणाल्या. पैसे पंढरीच्या हाती गेले. त्यांनी ते घेतले, सही केली आणि निघून गेले. केसरीनाथशेठ शांतपणे म्हणाले, तुमचं अर्धं तर गेलं, आता माझ्या अर्ध्याला काय अर्थ. खरंही होतं ते. एप्रिल लागला होता, आणि आमच्याकडे होती फक्त साहेबांची मुदत.

त्या महिन्यात मावशी खंगली. शनिवार-रविवार ठाण्याला जायची. दवाखान्याच्या दारात बसायची, कारण रुचिका तिला खाटेजवळ येऊ देत नव्हती. बरोबर नेलेलं खाणं वॉर्डातल्या आयाबाईच्या हाती आत पाठवायची. ते रीमापर्यंत पोचायचं की नाही, तिने विचारलं नाही. एकदा मला म्हणाली की तिला स्वप्नात सगळी पोरं ट्रकांमधून चालताना दिसतात, आणि ही हाका मारते पण आवाज फुटत नाही. परीक्षा संपल्या. आयांनी दाखल्यांसाठी विचारायला सुरुवात केली. सातवीच्या दोन पोरींची लग्नाची बोलणी चालू आहेत असंही कानावर आलं. त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. मावशी त्या घरांत जाऊन भांडली, पाया पडली. त्यांनी विचारलं, शाळाच राहणार नाही तर पोरीला घरी बसवून काय करू?

मे महिन्यात केसरीनाथशेठच्या नातवाचं, हितेशचं लग्न निघालं. बंगल्यापुढे रस्ता अडवून मांडव पडला. हळदीला ठाण्याहून नावाजलेला डीजे येणार होता. आणि तेव्हा मला कळलं की गोदूमावशी धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात देवक बसवण्यापासून हळद लागेपर्यंत धवले म्हणणारी बाई लागते. एकेका विधीचं गाणं, तोंडपाठ, आईकडून लेकीकडे आलेलं. नव्या घरांत आता डीजे वाजतो, तरी देवकापुढे धवला लागतोच. त्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळद लागत नाही. गावात ते येणाऱ्या दोनच म्हाताऱ्या उरल्या होत्या, आणि दुसरीचा आवाज गेला होता.

आम्हा शिक्षकांना आमंत्रण होतं. हळदीच्या दिवशी सकाळी, देवकाच्या वेळी मी तिथे होते. मावशी हिरवं लुगडं नेसून आली. पाटावर हितेश बसला, भोवती बायका, बाजूला केसरीनाथशेठ आणि त्यांच्या पत्नी पार्वतीकाकू. मावशीने गायला सुरुवात केली. मी तिला इतके दिवस फक्त पोरांवर ओरडताना ऐकलं होतं. तिचा आवाज सखल, जाडसर, आणि मांडवात सगळे हळूहळू गप्प होत गेले. व्हिडिओवालासुद्धा कॅमेरा खाली करून उभा राहिला.

हळदीची वाटी पुढे आली, आणि मावशी मधेच थांबली.

लोकांना वाटलं, आठवण चुकली. मागून कुणीतरी ओळ सुचवली. ती म्हणाली, "मना येतंय. मी थांबलेय." आणि केसरीनाथशेठकडे वळली. "दादा, धवलारनीला मान देतात. मना लुगडं नको, नारल नको. शालेला भराव पायजे."

धवला अर्धा राहणं किती वाईट मानतात हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त तिला. एक तरुण नातेवाईक पुढे आला, म्हणाला, ह्या बाईला बाहेर काढा, दुसरी आणू. दुसरी आता गाऊ शकत नाही, हे त्याला कुणीतरी कानात सांगितलं. केसरीनाथशेठचा चेहरा लाल झाला होता.

"गोदू, धवला पुरा कर. मंग बोलू."

"एवरे महिने मंगच ऐकते, दादा. पुरा करीन. पयले तू हो बोल."

"पोराच्या हळदीत अडवतेस?"

"अडवते," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती जागची हलली नाही. "माझ्याकरं दुसरा काय हाय अडवायला? एका पोरीचा पाय मी घालवला. आता सगली पोरां त्याच रस्त्यावर जातील."

हितेश पाटावर मान खाली घालून बसला होता. शेवटी बोलल्या त्या पार्वतीकाकू. त्यांनी नवऱ्याकडे न बघता, हळदीची वाटी हातात धरूनच सांगितलं, "हो बोला. पोराच्या अंगाला हलद लागताना कुनाचा तलतलाट नको."

केसरीनाथशेठ हो म्हणाले. मावशीने जिथे सोडला होता तिथून धवला उचलला आणि शेवटपर्यंत म्हटला. आवाज दोनदा फाटला. संपल्यावर ती जेवायला थांबली नाही, मागच्या वाटेने घरी गेली. तिच्यासाठी आणलेलं लुगडं पुढे कुणी तिच्या घरी नेऊन दिलं नाही.

लग्नानंतर डंपर आले खरे. शेठनी शब्द पाळला, पण जेवढा दिला होता तेवढाच. त्यांच्या नव्या गोडाऊनच्या पायाच्या खोदाईत माती आणि मुरूम निघाला होता, तो आमच्या पटांगणात पडला. शाळा खड्ड्यातून वर आली. आणि मग नवीन अडचण उभी राहिली, जिचा विचार कुणीच केला नव्हता. पटांगण वर आलं तशा खोल्यांच्या जमिनी वर घ्यायला हव्यात. त्या वर घेतल्या की छप्पर डोक्याला लागतं. सात खोल्यांपैकी दोनच पुरेशा उंच होत्या, जुन्या दगडी बांधणीतल्या. बाकी पाचांची छपरं उचलायला पैसा नव्हता, आणि शेठकडे पुन्हा जायला तोंड नव्हतं.

बापांनी त्या दोन खोल्या हाती घेतल्या. गवंडीकाम येणारे दोघंतिघं होते, बाकीच्यांनी सुट्टीच्या दिवशी घमेली उचलली. आया पाणी मारायच्या. मावशीने ह्या वेळी एकाही पोराला कामाजवळ येऊ दिलं नाही. विटेला हात लावलेला पोरगा दिसला की त्याला हाताला धरून घरी पोचवून यायची.

जूनमध्ये साहेब आले. त्यांनी दोन्ही खोल्या नीट पाहिल्या आणि पहिली ते चौथीला परवानगी दिली. पाचवी ते सातवी बंद. दाखले रामनाथ सरांनी लिहिले आणि मी वाटले. काही मुलं हायवेपलीकडच्या शाळेत गेली. त्यांना सोडायला आणि आणायला आयांनी पाळ्या लावून घेतल्या. काही गेलीच नाहीत. ज्या दोन पोरींची बोलणी चालली होती, त्यांतल्या एकीला मावशीने भांडून पलीकडच्या शाळेत बसवलं. दुसरीला आईबापांनी गावी पाठवून दिलं. तिचं पुढे काय झालं, मला अजून कळलेलं नाही.

गोदूमावशी उरलेल्या शाळेची शिपाई राहिली. पण त्या दिवसानंतर गावात कुणी तिला धवल्याला बोलावलं नाही. अर्धा धवला सोडणारी बाई, तिच्या तोंडचं गाणं पोरापोरीच्या लग्नात नको, असं लोक म्हणू लागले. ज्यांची मुलं आमच्या शाळेत होती तेही म्हणू लागले. आता मोबाईलवर लावतात. पलीकडच्या गल्लीत लग्न असलं की मावशी खिडकी लावून घेते.

पंढरी कुटुंब घेऊन दिघाशीला परत गेले होते. पावसाळा संपल्यावर मावशीने मला विचारलं, तुझ्या स्कूटीवरून मला तिकडे नेशील का. मी नेलं. शेतं कापणीला आली होती. रुचिका अंगणात भांडी घासत होती. तिने आम्हाला ओळखलं. उठली नाही, बसा म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. मावशी कुडाशी उभी राहिली, आत गेली नाही. तिने काही मागितलं नाही, माफीसुद्धा नाही. तेवढ्यात रीमा शाळेतून आली, दोन पोरींबरोबर. त्यांनी शर्यत लावली होती. डावा पाय टाकताना ती एका अंगाला झुकत होती आणि सगळ्यांत मागे राहिली होती, पण थांबली नव्हती. आम्हाला बघून जागच्या जागी उभी राहिली. मग आईच्या तोंडाकडे बघून आत गेली.

परत येताना आरशात मावशीने तोंडाला पदर लावलेला दिसला. मला वाटलं रडत असेल. मी स्कूटी बाजूला घेतली आणि मागे बघितलं. ती रडत नव्हती. पदराने तोंडावरची धूळ पुसत होती.

"बाई," ती म्हणाली, "पोरगी धावतेय."

मी हो म्हटलं.

"मी परत न्हाय यायची इकरं," ती म्हणाली. "आता तिला माझा तोंड परत दिसायला नको. चल."